दार विचारून उघड, खिडकी न विचारता

पोरी, येत्या एक तारखेपासून तारनाक्याच्या त्या वृद्धाश्रमाचा कारभार तू हातात घेणार, असं दादाने फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मी चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, आणि निवृत्तीनंतर सात वर्षं याच भागातल्या एका घरात म्हाताऱ्या माणसांची देखभाल पाहिली. हिशेब तुला जमेल, किराणा जमेल, सरकारी कागदपत्रंही जमतील. मला सांगायचंय ते सर्दी-खोकल्याचं. वरवर साधी वाटणारी गोष्ट, पण ऐंशीच्या पुढच्या माणसाला ती उचलून नेते.

आधी माझी चूक सांगते.

श्रावण होता. एका कुटुंबाने मुलाच्या वाढदिवसाचं जेवण आमच्याकडे ठेवलं होतं. तुला माहीत आहेच, हैदराबादेत लोक वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला आश्रमात अन्नदान करतात, आणि महिन्याचा निम्मा खर्च त्यावर निघतो. पंचवीस-तीस माणसं आली. बाहेर पाऊस, म्हणून सगळे हॉलमध्ये, खिडक्या बंद. सात वर्षांचं गोड पोर. त्याने मेणबत्त्या फुंकल्या आणि प्रत्येक आजीला आपल्या हाताने केक भरवला. त्याचं नाक वाहत होतं. त्याची आई रुमालाने सारखं पुसत होती, एकदा तर केक भरवता भरवताच पुसलं. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. लोक मनाने आले होते, पोरगं खुशीत होतं, आज्या हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी बिदरकडच्या एक आजी चपला शोधायला लागल्या. बस सुटेल म्हणाल्या. ताप नाही, खोकला नाही. आम्हाला वाटलं, वय झालंय, होतं असं. दुपारी जेवल्या नाहीत. चौथ्या रात्री त्यांचा श्वास वर लागला. आठवडाभरात एकोणीस जणांपैकी सहा जण अंथरुणाला खिळले. बिदरच्या आजी दवाखान्यातून परत आल्या नाहीत. त्या पोराचा काही दोष नव्हता. रुमाल मी पाहिला होता, बोलायचं काम माझं होतं.

म्हणून पहिला कानमंत्र दाराचा. आपल्या भागाच्या नावातच नाका आहे, तसा एक नाका तुझ्या फाटकावर बसव. वॉचमनला शिकव की आलेल्या माणसाला ‘तब्येत बरी आहे ना?’ असं विचारायचं नाही. त्यावर प्रत्येक जण ‘हो’च म्हणतो. नेमकं विचारायचं: घसा दुखतोय का, नाक वाहतंय का, चार-पाच दिवसांत ताप आला होता का, घरात कुणी खोकतंय का. तेलुगूत जलुबु, दग्गु म्हणायला सांग, जुन्या शहराकडून आलेल्यांना नजला म्हटलं की कळतं. तीन लिप्यांत मोठ्या अक्षरांत पाटी लाव. आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला रागावू नको. तो खरं बोललाय, त्याचे आभार मान. त्याला वऱ्हांड्यात खुर्ची दे, चहा दे, फोनवर आईशी बोलू दे, लांबून हात हलवू दे, आणि पुढच्या आठवड्याची वेळ तिथेच लिहून दे. खरं बोलल्यावर अपमान झाला, तर पुढच्या वेळी तो गोळी घेऊन, ताप उतरवून आत येईल.

वाढदिवस बंद करू नको. जेवण स्वयंपाकघरात द्यायचं, आत येणारे चार-पाच जण, बाकीचे अंगणात. मेणबत्ती फुंकलेला केक कुणाला द्यायचा नाही. त्यापेक्षा पोराला आजीकडून ओवाळून घ्यायला लाव. आपल्यात वाढदिवसाला दिवा विझवत नाहीत, निरांजनाने औक्षण करतात. मी पुढे तसंच सुरू केलं, आणि तेलुगू कुटुंबांनाही ते आवडलं. हारतीची सवय त्यांनाही आहेच.

हात धुण्याचं एक बारीकसं सांगते. नातू पाया पडतो, त्यात धोका नाही, त्याचं तोंड खाली असतं. पण मग आजी त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवते, अलाबला घेते, बोटं आपल्या कानशिलावर मोडते. पाच मिनिटांनी त्याच हाताने शेंगदाणे तोंडात टाकते, डोळा चोळते. हे प्रेम थांबवायचं नाही. भेट संपली की आजीसमोर साबण आणि तांब्या न्यायचा, फेस मनगटापर्यंत, वीस सेकंद. पाहुण्यासाठी फाटकाजवळ नळ ठेव. पूर्वी बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय ओसरी चढत नसे. आता पायांबरोबर हात.

पण दारावरचा नाका पाहुण्यांपुरता ठेवलास, तर तू फसशील. पाहुणा तासभर येतो. आया बारा तास अंगाला अंग लावून उठवते, भरवते, पुसते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या कर्कलंड गावातल्या एका शुश्रूषागृहात कोविड शिरला. 18 मार्चपर्यंत त्या घराशी जोडलेले 167 रुग्ण सापडले: 101 तिथे राहणारे, 50 कर्मचारी आणि 16 भेटायला आलेले. राहणाऱ्यांपैकी साधारण तीनातला एक गेला. नंतरच्या तपासात दिसलं की काही कर्मचारी अंगात लक्षणं असताना कामावर येत होते, आणि काही जण एकाहून जास्त घरांत काम करत होते. हे वाचलं तेव्हा मला आपल्याच आया डोळ्यांसमोर दिसल्या. सकाळी हबशीगुड्यात एका घरी, दुपारी आपल्याकडे, रात्री कुणाच्या तरी उशाशी. बिचाऱ्या काय करतील? एक दिवस बुडाला की पगार कापला जातो.

तो पगार कापू नको. कितीही अडचण असो, सर्दी-तापाच्या दिवसांची भरपगारी रजा दे. ट्रस्टींशी भांडावं लागलं तर भांड. त्यांना आकडे दाखव: आयाचे पाच दिवसांचे पैसे एका बाजूला आणि एका म्हातारीचं अतिदक्षता विभागातलं एका दिवसाचं बिल दुसऱ्या बाजूला. सर्दी लपवणारी आया दुष्ट नसते. तिला घरभाडं द्यायचं असतं.

आता खिडकी. ही माझी सगळ्यांत आवडती गोष्ट, आणि सगळ्यांत जास्त वाद मी हिच्यावरूनच घातलेत. आपल्या लोकांना वाऱ्याची भीती. ‘वारं लागेल’ म्हणून आजीच्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, वर पडदा ओढायचा, कडीत कागदाचा बोळा कोंबायचा. पण खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानासुद्धा नाका-तोंडातून अतिशय बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक मात्र उदबत्तीच्या धुरासारखे खोलीत तरंगत राहतात. दार-खिडकी उघडी असली की धूर पातळ होऊन निघून जातो, बंद असली की साठत जातो. इतकंच शास्त्र आहे, आणि ते पुरेसं आहे.

याचा पुरावा आपल्या गल्लीतलाच आहे. उप्पल रोडवरून जाताना सीसीएमबी ही संशोधन संस्था लागते ना, तिथल्या शास्त्रज्ञांनी चंदीगडच्या एका संस्थेबरोबर हैदराबाद आणि मोहालीच्या रुग्णालयांतली हवाच यंत्राने ओढून तपासली होती. कोविडचे रुग्ण जिथे होते तिथल्या हवेत विषाणू सापडला, आणि खोलीत रुग्ण जितके जास्त तितका तो सापडण्याचा संभव जास्त. म्हणजे एका खोलीत सहा खाटा दाटीने घालण्याआधी विचार कर. आमच्या अभ्यासक्रमात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं 1859 चं पुस्तक होतं. त्याचं पहिलंच प्रकरण हवा खेळती ठेवण्यावर आणि ऊब राखण्यावर आहे. दोन्ही एकत्र, हे लक्षात घे. खिडकी उघड आणि आजीच्या अंगावर शाल घाल, पायात मोजे घाल.

आणि पुस्तक न वाचताही माझ्या आजीला हे ठाऊक होतं. 1918 ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, परभणीकडे, निजामाच्या मुलखात. मुंबईत जूनमध्ये आलेली ती साथ पावसाळा सरता सरता पुन्हा दुप्पट जोराने उठली आणि देशात कोटीभराहून जास्त माणसं घेऊन गेली. आजी सांगायची, त्यांच्या घरात आजाऱ्याचं अंथरूण पडवीत, दार सताड उघडं, आणि बाकी सगळे वर माळवदावर झोपायला. एकच चुलती आजाऱ्याजवळ जायची, पदराने नाक-तोंड बांधून. ते घर पूर्ण वाचलं असं नाही. दोघं गेले. पण शेजारी दारं लावून बसलेल्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नव्हतं, असं ती म्हणायची.

खिडकी म्हणजे समोरासमोर दोन. एकच उघडलीस तर हवा आत येऊन तिथेच घुटमळते. दुसरी नसेल तर दार उघड आणि संडास-बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू ठेव, तो खोलीतली हवा बाहेर ओढतो. भिंतीवरचा एसी थंडी देतो, पण खोलीतलीच हवा फिरवत राहतो. तो लावायचाच असेल, तर खिडकी चार बोटं उघडी ठेव आणि वाढलेलं वीजबिल सोस. त्या मानाने आपला जुना कूलर गुणी. खिडकीत बसवला तर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी आणि पाणी आठवड्याला बदलायला हवं. संध्याकाळी डासांमुळे सगळे खिडक्या लावतात. मग डेंग्यूपासून वाचवताना खोकला वाटला जातो. सगळ्या खिडक्यांना जाळ्या लावून घे, आणि महिन्यातून एकदा त्या ब्रशने धू. उप्पल रोडच्या धुळीने जाळी भरली की तिच्यातून वारा येत नाही. बंद खोलीत कॉइल, धूप, लोभान नको. देवाला उदबत्ती अंगणात तुळशीपाशी लाव. दम्याची माणसं तुला दुवा देतील.

भजनाचं मला जड मनाने सांगावं लागतं. एकादशीला, गुरुवारी म्हाताऱ्या बायका कशा खुलतात, हे तू पाहशीलच. वर्षानुवर्षं न बोललेली आजी टाळ हातात आला की पूर्ण अभंग म्हणते. पण अमेरिकेतल्याच माउंट व्हर्नन गावात 10 मार्च 2020 ला एक गायनमंडळ अडीच तास सरावाला जमलं होतं. 61 माणसं होती. त्यांतल्या 53 जणांना आजार झाला, दोघं गेले. गाताना श्वास जोरात सुटतो, त्याबरोबर थेंबही जास्त सुटतात. म्हणून भजन अंगणात किंवा गच्चीवर ठेव, पावसात वऱ्हांड्यात. अर्धाच तास. ज्याचा घसा बसलाय त्याने नुसते टाळ वाजवावेत. साथीच्या दिवसांत आठवडाभर गाणं थांबव आणि रेडिओ लाव, पण पुन्हा सुरू कर. विसरू नको.

आता जे सांगते ते वरच्या सगळ्याच्या उलट वाटेल. दार कायमचं बंद करू नको. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि आम्ही फाटकाला कुलूप घातलं. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. जूनपर्यंत आमच्याकडे कोविडचा एकही रुग्ण नव्हता. पण एका आजोबांनी खाणं सोडलं होतं. रोज चारला येणारी मुलगी येत नव्हती, आणि ती का येत नाही हे त्यांना दर दिवशी नव्याने सांगावं लागायचं. त्यांचं वजन नऊ किलोने उतरलं. औषधाने काही झालं नाही. शेवटी मुलीला मास्क घालून गच्चीवर बसवलं, सहा फुटांवर, वाटीत खिचडी देऊन. ते जेवले. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक घरचं माणूस ठरवून ठेवायचं, त्याला मास्क कसा घालायचा, हात कसे धुवायचे हे शिकवायचं, आणि कितीही मोठी साथ असो, ते एक माणूस ठणठणीत असेल तर आत घ्यायचं. ते पाहुण्यांत मोजायचं नाही, औषधांत मोजायचं.

मास्क एन-95 असावा, नाकावरची पट्टी दाबलेली, बाजूने फट नाही. नाक उघडं ठेवून हनुवटीवर लावलेला मास्क काही कामाचा नाही. पण कमी ऐकू येणाऱ्यांना मास्कमागचं बोलणं कळत नाही, ओठ दिसत नाहीत, ती माणसं बावरतात. त्यांच्यासाठी पाटी-पेन्सिल ठेव. ओरडू नको, हळू आणि खालच्या पट्टीत बोल.

एक गोष्ट तुला कुठल्याच परिपत्रकात ठळक दिसणार नाही: तोंडाची सफाई. म्हातारपणी गिळताना घास आणि थुंकी चुकून श्वासनलिकेत उतरते, आणि तोंडात घाण असेल तर ती सोबत जंतू घेऊन फुप्फुसात जाते. जपानमध्ये 11 शुश्रूषागृहांत दोन वर्षं पाहिलं गेलं. जिथे आया रोज प्रत्येक जेवणानंतर म्हाताऱ्यांचे दात, हिरड्या घासून देत, तिथे न्यूमोनिया कमी झाला आणि त्याने होणारे मृत्यूही कमी झाले. 2002 साली ते छापून आलं. खर्च किती, तर एक मऊ ब्रश. रात्री कवळी काढायचीच. ब्रशने घासून पाण्याच्या वाटीत ठेवायची, वाटीवर नाव लिहायचं. आमच्याकडे एकदा दोन आजोबांच्या कवळ्या बदलल्या आणि चार दिवस दोघंही ‘जेवण टोचतं’ म्हणून तक्रार करत होते. दात नसलेल्यांच्याही हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्याने पुसायची. भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. घाईच्या आयाला हे पटवणं अवघड जातं. पहिला महिना तू स्वतः शेजारी बसून भरव.

आजार ओळखायचा कसा, ते बिदरच्या आजींनी मला शिकवलं. म्हाताऱ्या अंगाला ताप चढतोच असं नाही. भूक मेली, एकाएकी गोंधळ, नेहमी उठणारं माणूस उठेना, तोल जाऊन पडलं, अंथरूण ओलं झालं, यांतलं काहीही नवीन दिसलं की छाती तपासून घ्यायची. ‘वय झालं’ हे शब्द तुझ्या घरात निदान म्हणून चालू देऊ नको. प्रत्येकाचा बऱ्या दिवसातला ताप, नाडी आणि ऑक्सिजन वहीत लिहून ठेव. ज्याचं अंग एरवी 97 असतं त्याला 99 म्हणजे तापच. ऑक्सिमीटर लावताना बोटं थंड नकोत, नखांना रंग नको. आकडा 94 किंवा त्याखाली आला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरला उठव. आणि 72 तासांत दोघं जण आजारी पडले तर ती साथ समज. त्या दोघांना वेगळं ठेव, त्यांच्यासाठी आया वेगळी, ताटं जागेवर, आणि फ्लूची व कोविडची तपासणी त्याच दिवशी. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत दिलं तर जास्त लागू पडतं. नेब्युलायझर द्यायचा असेल तर सहा जणांच्या खोलीत नको. त्याच्या वाफेने आणि खोकल्याने हवा भरून जाते.

लसींसाठी डॉक्टरला एप्रिल-मेमध्येच बोलाव. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर करतो, थंडीच्या शेवटी पुन्हा डोकं काढतो. विषाणू रूप बदलतो म्हणून फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाची वेगळी असते, ती दर वर्षी लागत नाही. या लसी पदरचे पैसे मोजून घ्याव्या लागतात, म्हणून अन्नदान करणाऱ्यांना विचार: एक जेवण कमी द्या, दोन आज्यांची लस द्या. बरेच जण आनंदाने देतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि आयांना, स्वयंपाकीणबाईला, वॉचमनलाही लस दे. म्हाताऱ्या शरीरात लस थोडी कमी चालते, त्यामुळे भोवतीची माणसंच त्यांचं कुंपण असतात.

काढा, हळदीचं दूध खुशाल दे, आज्यांना बरं वाटतं. पण त्यापायी डॉक्टरला उशीर नको. वाफेचं पातेलं थरथरत्या हातात कधीच नको. भाजलेल्या मांड्या मी वॉर्डात खूप पाहिल्या. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कपाटातून काढून फेकून दे. विषाणूच्या सर्दीवर त्यांचा उपयोग नसतो, आणि खरी गरज पडते तेव्हा त्या लागू पडत नाहीत.

पहिल्या दिवशी ऑफिसात बसू नको. एक वही घे आणि घरभर फिरून प्रत्येक खिडकी उघडून बघ. कुठल्या रंगाने चिकटल्यात, कुठल्यांना खिळे ठोकलेत, कुठल्यांसमोर कपाट ढकललंय, ते लिही. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलाव. मी रविवारी चार वाजता तुझं घर बघायला येते. खोकला झाला असेल तर येणार नाही, फोन करीन.